कायम दोन

मंगळवारी सकाळी, खुर्चीत बसल्याबसल्या, त्याचा हात सवयीने माउस घेऊन स्क्रीनच्या उजव्या कडेला गेला, आणि तिथे लेयर्सचं पॅनल नव्हतं. ते डावीकडे बसलं होतं. नुसतं बसलं नव्हतं, चांगलं ऐसपैस बसलं होतं, अक्षरंही मोठी करून. एकोणीस वर्षं जी वस्तू उजवीकडे होती ती एका रात्रीत डावीकडे कशी जाईल? आपोआप तर जाणार नाही. यंत्र आपोआप बिघडतं, आपोआप नीटनेटकं होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याने आजूबाजूला पाहिलं. खोलीत दोनच टेबलं, दोनच माणसं. दुसऱ्या टेबलाशी मुद्रितं तपासणाऱ्या बाई, अंबाड्यात लाल पेन्सिल खोचून, मान खाली घालून वाचत होत्या. जरा जास्तच खाली घालून, असं त्याला वाटलं.

यंत्राच्या खोक्यात सगळ्यात तळाशी जी पुस्तिका निघते, आणि जी कोणी उघडतसुद्धा नाही, तिची पानं लावायचं त्याचं काम. पाणी तापवायचं यंत्र, कपडे धुवायचं यंत्र, पंखा, इस्त्री. उभ्या जगात आपल्याइतकं छापून येणारं आणि आपल्याइतकं न वाचलं जाणारं दुसरं कोणी नाही, असं तो स्वतःच हसत म्हणायचा, पण दुसरं कोणी म्हटलं तर त्याला झोंबायचं. पान लावायला बसायचं म्हणजे आधी स्क्रीनवर खिडक्या मांडायच्या. मधे पान, खाली पानांची यादी, डावीकडे हत्यारं, उजवीकडे लेयर्स, म्हणजे पानाच्या एकावर एक रचलेल्या थरांची यादी. ही मांडणी त्याने एकदाच, केस अजून काळे असताना केली होती, आणि तिला नाव दिलं होतं ‘कायम’. मशीन दोनदा बदललं, सॉफ्टवेअर सातआठ वेळा बदललं, थोरले मालक जाऊन धाकटे आले, पण दर वेळी त्याने पहिलं काम काय केलं असेल तर ‘कायम’ परत उभं केलं. घरात माणूस अंधारातही पाण्याच्या माठाशी बरोबर जातो, तसा त्याचा हात त्या खिडक्यांमधून फिरायचा. बघावंच लागत नाही, हा त्याचा अभिमान होता. त्याने वर मेनू उघडला. मांडण्यांच्या यादीत ‘कायम’ होतंच. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. ‘कायम २’.

“बाई, माझ्या मशीनला कोणी हात लावला होता का?”

“का हो दादा, काय झालं?”

“मी विचारलं त्याचं उत्तर द्या की.”

“नाही म्हणजे, चालत नाहीये का?”

“चालतंय. फार छान चालतंय,” तो म्हणाला, आणि ‘कायम’वर क्लिक करून पॅनल परत उजवीकडे आणलं. बाई नाहीही म्हणाल्या नव्हत्या आणि होही. चौदा वर्षं एका खोलीत बसलेली बाई साध्या प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देते, तेव्हा पाणी कुठेतरी मुरत असतं. मशीनचा पासवर्ड जगात त्याच्याखेरीज एकट्या त्यांनाच ठाऊक होता. मागे तो तापाने आठवडाभर घरी होता तेव्हा त्यानेच फोनवर सांगितला होता, अक्षर अन् अक्षर फोड करून. आता स्वतःच्याच जिभेचा त्याला राग आला. माणसाने तापातसुद्धा शुद्धीवर राहावं.

आणि हे सगळं आत्ताच का? तर पंधरा दिवसांपूर्वी धाकटे मालक या खोलीत आले होते, खिडकीशी उभे राहून, बाहेर बघत बोलले होते. आता मजकूर बराचसा तयारच येतो, या खोलीत दोन माणसांचं काम उरलेलं नाही. महिनाअखेरीला एकालाच ठेवता येईल. ज्याच्या हातून चुका कमी, तो थांबेल. दादांनी तपासणी शिकून घ्यावी, बाईंनी पानं लावायला शिकावं. एवढं बोलून ते गेले आणि जाताना दार ओढून घेतलं, जे दार एरवी कायम उघडं असायचं. त्या दिवसापासून दोघं जणं एकमेकांना जरा जास्तच अदबीने वागवू लागली होती. त्याला अजून तीन वर्षं नोकरी हवी होती. घरी बसण्याची त्याला भीती वाटायची, अगदी सरळ भीती. सकाळी उठून जायला जागा नसलेला माणूस काय होतो ते त्याने आपल्या घरात, आपल्या वडिलांच्या रूपाने पाहिलं होतं. बाईंना तर घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. म्हणजे त्यांना नोकरी त्याच्याहून जास्त हवी. म्हणजे त्या त्याच्याहून जास्त काहीही करतील. हिशेब सोपा होता.

पाणी तापवायच्या यंत्राची ती भानगड आठवून त्याला आता एकेक धागा जुळल्यासारखा वाटला. पुस्तिकेतल्या सगळ्या इशाऱ्यांच्या लाल चौकटी एका वेगळ्या लेयरवर असत. पाणी नसताना चालू करू नका, ओल्या हाताने बटण दाबू नका, ते सगळं. त्या लेयरच्या नावाशेजारी एक बारीक डोळ्याचं चित्र. डोळा उघडा असला की इशारे दिसतात, छापले जातात. त्यावर चुकून क्लिक झालं की डोळा बंद, आणि इशारे गायब. पान मात्र दिसायला चकचकीत, अगदी बिनचूक. गेल्या महिन्यात असं एक मुद्रित एकही इशारा न घेता थेट गिऱ्हाइकाकडे गेलं होतं. छापायच्या आधी तिकडच्या कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर कुणाच्या तरी घरात कोरडं यंत्र पेटलं असतं. मालकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. “दादा, तुमच्या हातून?” एवढंच म्हणाले होते, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. त्याने डोळा बंद केला नव्हता. शपथेवर सांगितलं असतं. मग कोणी केला? बाई ते दोन दिवस रजेवर होत्या, म्हणून तेव्हा त्याने त्यांचं नावही मनात आणलं नव्हतं. आता त्याला स्वतःच्या भाबडेपणाचं हसू आलं. रजेवर होत्या, हेच तर! आधी करून ठेवायचं आणि मग रजा टाकायची, म्हणजे हात धुतलेले. त्या असताना एकही चूक बाहेर गेली नाही, त्या नसतानाच गेली. एवढा योगायोग कधी असतो का?

बुधवारी सकाळी पॅनल पुन्हा डावीकडे. त्याने उजवीकडे आणलं. गुरुवारी सकाळी पुन्हा डावीकडे. या वेळी त्याने ‘कायम २’ यादीतून पुसूनच टाकलं, आणि पुसताना बाईंकडे मुद्दाम पाहिलं. त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, “दादा, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचारा.”

“डोळे कधी तपासलेत शेवटचे? माझ्या बहिणीचे डॉक्टर आहेत ओळखीचे. वेळ लावत नाहीत.”

त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला. अच्छा, म्हणजे असं आहे तर. आधी पॅनल हलवायचं, मग डोळा बंद करायचा, मग डोळ्यांच्या डॉक्टरची गोष्ट काढायची, आणि मग मालकांच्या कानावर घालायचं की दादांना हल्ली दिसत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. “माझे डोळे ठणठणीत आहेत,” तो म्हणाला. “सुईत दोरा ओवतो अजून. तुम्हाला ओवून हवाय का काही?” बाईंनी डब्याचं झाकण लावलं. तो खिडकीतून खालचा रस्ता बघत राहिला. समोरच्या इमारतीवर कामगार काचा पुसत होते, आणि काचांमध्ये दुसऱ्या काचा दिसत होत्या.

संध्याकाळी चालत घरी जाताना एका माणसाचा खांदा त्याला जोरात लागला. उजवीकडून, कुठून उगवला कोण जाणे. “दिसत नाही का?” असं तो ओरडला, आणि तो माणूसही नेमकं तेच ओरडला. हल्ली लोकांना चालायची रीतच राहिलेली नाही. पुढे चालता चालता त्याला अप्पांची, वडिलांची आठवण झाली. अप्पा घड्याळं दुरुस्त करत, बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. टेबलावर हिरवं कापड, त्यावर हत्यारं एका ओळीत: तीन पेचकस, भिंग, तेलाची कुपी, आणि सगळ्यात उजवीकडे चिमटा. ही ओळ म्हणजे कायदा. एके दिवशी अप्पांचा हात चिमट्यावर गेला आणि चिमटा मिळाला नाही. “माझा चिमटा कोणी हलवला?” आई आतून आली, म्हणाली, “अहो, तिथेच तर आहे.” अप्पा म्हणाले, “आत्ता आहे. मघाशी नव्हता.” मग हे रोजचंच झालं. चिमटा नाही, कुपी नाही, चष्म्याचं घर नाही. घरात कोणीतरी हलवतंय. घरात हलवणारं दुसरं कोण असणार? नऊ वर्षांचा तो. एकदा थोबाडीत बसली तेव्हा कान दिवसभर वाजत होता. तेव्हा त्याला अप्पांचा संताप आला होता. आज रस्त्यात त्याला वेगळंच वाटलं. कोण जाणे, खरंच कोणी हलवतही असेल. आईचं आणि अप्पांचं तसं कधी पटलं नाही.

शुक्रवारी तो घरून तासभर आधी निघाला. बायकोला म्हणाला, काम तुंबलंय. खोलीच्या बाहेर, कागदाचे गठ्ठे ठेवायच्या कपाटाआड तो उभा राहिला. सत्तावन्नाव्या वर्षी कपाटाआड लपायचं म्हणजे गुडघे दुखतात आणि लाजही वाटते, पण साप आहे म्हटल्यावर भुई धोपटायलाच हवी. आठ वाजून दहा मिनिटांनी बाई आल्या. पर्स ठेवली, स्वतःच्या टेबलाशी गेल्याच नाहीत. सरळ त्याच्या खुर्चीत बसल्या. मशीन चालू झालं. अंबाड्यातली पेन्सिल काढून त्या एकेक पान पुढे सरकवू लागल्या, आणि त्यांचा हात डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे जात राहिला. त्याने वीस मिनिटं पाहिलं. मग मालक आल्याचा आवाज झाला, तसा तो गेला आणि त्यांना हाताला धरून, खरोखर हाताला धरून, खोलीत घेऊन आला.

“बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रोज हेच चाललंय. माझी मांडणी उलटीपालटी करायची, इशाऱ्यांचा डोळा बंद करायचा, आणि मग चूक सापडली म्हणून मिरवायचं. त्या गरम पाण्याच्या पुस्तिकेतही हेच झालं. विचारा त्यांना!”

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ त्याच्याकडेच. “बाई?” मालक म्हणाले. “पॅनल तुम्ही हलवलंत?”

“हो.”

“आणि इशारे? ते तुम्ही बंद केलेत?”

दारासमोरून कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन गेलं. “हो,” बाई म्हणाल्या. “मीच केले.” आवाज अगदी साधा होता. त्यात चोरी पकडली गेल्याची भीती नव्हती. मालकांनी सुस्कारा सोडला, महिनाअखेरीचं आता ठरलंच असं समजा, असं काहीसं पुटपुटले आणि गेले. बाई आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि मुद्रित तपासू लागल्या. तो जिंकला होता. दिवसभर तो जिंकलेलाच होता, पण तो ‘हो’ त्याच्या कानातून जाईना. कुठेतरी ऐकला होता. तोच आवाज, तोच सूर, शेवटी जरा खाली उतरणारा. कुठे ऐकला ते काही केल्या आठवेना.

शनिवारी सुट्टी. सकाळी चहा होईपर्यंत त्याने बायकोला सगळी हकीकत सांगितली, कपाटाआड उभं राहिल्याचं सोडून. बायको ऐकत होती, हसत नव्हती. तिने कप ठेवला. तो सांगत होता, हातवारे करत होता, आणि एकाएकी काहीतरी फुटलं, पायावर गरम चहा सांडला.

“इथे कप कोणी ठेवला?” तो ओरडला.

“मीच. चुकलं माझं. तुमच्या त्या बाईंचा विचार करत होते. डावीकडे ठेवायचा तो उजवीकडे ठेवला गेला.”

“डावीकडे का ठेवायचा?”

बायकोने तुकडे उचलता उचलता वर पाहिलं. “हल्ली उजवीकडचं तुम्ही धक्का लावून पाडता. हा चौथा कप.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं. डोळे दाखवू या म्हटलं, तर म्हणालात मला म्हातारा ठरवायला निघालीस. दोन दिवस जेवला नाहीत नीट. मग म्हटलं, जाऊ दे. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा कप हलवणं सोपं.”

त्याने खोलीत नजर फिरवली. त्याची खुर्ची भिंतीशी सरकली होती, उजवा हात भिंतीकडे. कधी सरकली? चपला दाराच्या डाव्या बाजूला. वर्तमानपत्र डावीकडच्या तिपाईवर. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं तर त्याचा ब्रश, त्याचा टॉवेल, सगळं डाव्या खुंटीला. अख्खं घर त्याच्या नकळत हातभर डावीकडे सरकलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तो बाहेर आला, भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहिला आणि त्याने तळहाताने डावा डोळा झाकला. काटे जिथे मिळतात तिथे नजर लावली. काळोख दिसेल असं त्याला वाटलं होतं. काळोख नव्हता. नऊ होते, दहा होते, बारा होते, आणि जिथे दोन, तीन, चार असायला हवे तिथे भिंत होती. पिवळसर, सलग, स्वच्छ भिंत, जणू तिथे कधी काही लावलेलंच नव्हतं. त्याने मान वळवली तेव्हा तीनचा आकडा आला. परत सरळ केली तेव्हा गेला. आत्ता आहे, मघाशी नव्हता.

आणि तेव्हा त्याला आठवलं तो ‘हो’ कुणाचा होता. त्याचाच होता. थोबाडीत बसल्यावर आठदहा दिवसांनी अप्पा पुन्हा टेबलाशी चाचपडत होते, आणि या वेळी ते ओरडत नव्हते, तेच वाईट होतं. त्यांची बोटं हिरव्या कापडावरून फिरत होती, थरथरत, आणि चिमटा त्यांच्या बोटांपासून चार अंगुळांवर पडलेला होता, उन्हात चमकत. “तू हलवलास ना?” अप्पा म्हणाले. जवळजवळ विनवणीच होती ती. नऊ वर्षांच्या पोराला काय कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, “हो अप्पा. मीच हलवला.” अप्पांचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “मग आधी सांगायचं ना, वेड्या,” असं म्हणाले आणि हसलेसुद्धा. त्यानंतर वर्षभर घरातलं जे काही हरवलं ते त्यानेच हलवलं होतं. पुढे अप्पा भिंतीला हात लावून चालू लागले, मग बसूनच राहिले, आणि कुणाला काही विचारायचे बंद झाले. तो घड्याळाखाली उभा राहून रडला. बायकोने तुकडे केराच्या डब्यात टाकले आणि पाय पुसायला फडकं आणून दिलं.

सोमवारी तो आठला पोहोचला. बाई आल्या नव्हत्या. त्याने मशीन चालू केलं. मेनू उघडला. ‘कायम २’ शुक्रवारी त्यांनी पुन्हा करून ठेवलं होतं, पकडल्या जाण्याच्या काही मिनिटं आधी. त्याने ते निवडलं. सगळ्या खिडक्या हलल्या आणि डावीकडे येऊन थांबल्या, जिथे त्याला दिसेल तिथे. इशाऱ्यांचा लेयर यादीत सगळ्यात वर आणलेला होता, नावापुढे लाल खूण. त्याने एकामागून एक जुन्या फाइली उघडल्या आणि प्रत्येक फाइल किती वाजता शेवटची सेव्ह झाली ते पाहिलं. गेले तीन महिने, रोज सकाळी, आठ आणि नऊच्या मधे. फक्त त्या दोन दिवसांच्या तारखा सोडून. जिथे त्याचा अभिमानी हात न बघता डोळा बंद करून जात होता, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन कोणीतरी तो उघडत होतं.

मालक आल्यावर तो आत गेला. बसा म्हटलं तरी बसला नाही. “त्या चुका माझ्या होत्या,” तो म्हणाला. “सगळ्या. बाई सकाळी लवकर येऊन त्या निस्तरत होत्या. मला उजवीकडचं दिसत नाही. वडिलांनाही असंच झालं होतं. दुपारी डॉक्टरकडे जातोय.” मालक पेन खालीवर करत राहिले. “म्हणजे मग महिनाअखेरीला, दादा...” “बाई थांबतील,” तो म्हणाला. आदल्या दिवसापर्यंत ज्या वाक्याची त्याला धडकी भरत होती ते तोंडातून इतक्या सहज गेलं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. भीती मात्र गेली नव्हती.

खोलीत परत आला तर बाईंच्या टेबलावर पर्स होती, बाई जागेवर नव्हत्या. तो आपल्या खुर्चीत बसला. काय बोलायचं ते आधी एकट्याने म्हणून पाहावं, असं त्याला वाटलं.

“तुम्ही हो का म्हणालात?” तो स्क्रीनकडे बघत पुटपुटला.

“तुमचा हात थरथरत होता, दादा,” बाईंचा आवाज आला. अगदी जवळून.

तो दचकला. “बाई? कुठे आहात?”

“ही काय. उजवीकडे.”

त्याने अख्खी मान वळवली. त्या हातभर अंतरावर उभ्या होत्या, आणि केव्हापासून उभ्या होत्या ते त्याला माहीत नव्हतं.